स्वित्झर्लंडच्या लोकांनी अतिश्रीमंतांवरचा वारसा कर स्वतःच का पाडला?

तुमचा प्रश्न असा की कायद्यावर लोक थेट मत देतात, मग करोडपतींवर कर लावायला सामान्य माणूस नाही कशाला म्हणेल. मी झ्युरिकजवळ राहतो, नागरिकत्व नाही म्हणून मत नाही, टॅक्स मात्र इमानेइतबारे भरतो, तेव्हा बघ्या म्हणून सांगतो.

३० नोव्हेंबर २०२५ चं मतदान. युसो म्हणजे सोशल डेमोक्रॅटवाल्यांच्या तरुण पोरांनी १ लाख सह्या जमवून प्रस्ताव आणला होता, ५ कोटी फ्रँकच्या वर जो वारसा किंवा बक्षीस मिळेल त्यावर सरळ ५० टक्के कर आणि पैसा हवामानबदलाच्या कामाला. ७८ टक्के लोकांनी नाही म्हटलं, एकही कँटन (म्हणजे इथलं राज्य) बाजूने गेलं नाही. आता यातली गंमत बघा, २०१५ ला असाच प्रस्ताव आला होता तेव्हा मर्यादा फक्त २० लाख फ्रँक होती, म्हणजे बऱ्यापैकी घर असलेला माणूसही त्यात सापडला असता, आणि तरी विरोध ७१ टक्केच होता. यावेळी सरकारच्याच अंदाजाने साधारण अडीच हजार लोकांचा प्रश्न, आणि विरोध उलट वाढला!

कारण तो ५० टक्क्यांचा आकडा. इथल्या बड्या लोकांचा पैसा बँकेत पडलेला नसतो, कारखान्याच्या शेअर्समध्ये अडकलेला असतो, निम्मा कर भरायचा तर तेच विकावे लागतील. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या श्टाडलरचे पीटर श्पूलर तर देश सोडायची वेळ येईल असं उघड बोलले. यात धमकी किती आणि खरं किती ते सोडा, पण लोकांच्या डोक्यात ते बसलं. माझे शेजारी रिटायर्ड फिटर आहेत, पाच कोटी त्यांच्या सात पिढ्यांत कोणी बघितले नसतील. पाकिटातून आलेली लाल पुस्तिका (दोन्ही बाजूंचे मुद्दे, सरकारचं मत आणि घटनादुरुस्तीचा पूर्ण मजकूर, सगळं त्यात छापलेलं असतं) त्यांनी वाचली, मतपत्रिकेवर हाताने "नाईन" (जर्मनमध्ये नाही) लिहिलं आणि पोस्टात टाकून आले. म्हणाले, हे श्रीमंत देश सोडून गेले की त्यांचा टॅक्स आपल्याच बोकांडी बसणार.

शिवाय इथे संपत्ती कर दर वर्षी भरावाच लागतो. वारसा कर हा कँटनचा विषय, नवराबायकोला कुठेच लागत नाही, मुलांना बहुतेक ठिकाणी माफ, श्वीत्झ आणि ओबवाल्डनमध्ये तर हा करच नाही. तो अधिकार बर्नला, म्हणजे केंद्र सरकारला, द्यायला कँटन तयार होत नाहीत. (आपल्याकडे इस्टेट ड्युटी, म्हणजे वारसा करच, १९५३ ला आली, वरचा स्लॅब ८५ टक्क्यांपर्यंत गेला आणि १९८५ ला व्ही. पी. सिंगांनी ती काढली, दोन्ही वेळा जनतेला कोणी विचारलं नाही.)

म्हणून स्विस माणूस फुकटचं कधी घेतच नाही असंही नाही हं. २०१२ मध्ये वर्षाला सहा आठवड्यांची पगारी सुट्टी नाकारली खरी, पण मार्च २०२४ मध्ये तेराव्या महिन्याची पेन्शन मंजूर केली, तेव्हा पैसा कुठून येणार याची कोणाला फार फिकीर नव्हती. मला वाटतं युसोने दर दहा टक्के ठेवून पैसा आरोग्य विम्याच्या हप्त्यांकडे वळवला असता तर जिंकले नसते कदाचित, पण ७८ टक्के तरी विरोधात गेले नसते, कारण दर वर्षी वाढणाऱ्या त्या हप्त्यांनी इथे घराघरात लोक वैतागलेत.