जैसलमेरच्या तंबूसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: डिसेंबरात आमच्या लग्नाला 25 वर्षं होतील. जैसलमेरजवळ सम इथल्या वाळूत आलिशान तंबूत तीन रात्री राहायचं आहे. भाडं रात्रीला 28,000. कर, विमान सगळं धरून 1,60,000. त्यासाठी 5 लाखांची तीन वर्षांची एफडी मोडू का? ती ऑगस्टमध्ये पूर्ण होईल, तेव्हाच मुलीची 1,40,000 फी आहे. घरखर्च महिना 45,000, शिल्लक पडते 12,000. दुसरी बचत नाही. – एक शिक्षिका, नाशिक

उत्तर: ताई, जरूर जा. पण तंबूत एकच रात्र राहा आणि एफडीला हात लावू नका.

5 लाखांतून फी काढली, अडीअडचणीला सहा महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 2,70,000 बाजूला ठेवले, की उरतात 90,000. सहलीला तेवढेच आहेत.

मी स्वतः समला राहिलो आहे. तिथली मजा दुपारी चारला सुरू होते: उंटावरून टेकडीपर्यंत, सूर्यास्त, मग मांगणियारांचं गाणं, कालबेलिया नाच, केर-सांगरीचं जेवण. पहाटे वाळू इतकी गार की अनवाणी उभं राहवत नाही. दहा वाजता ऊन चढलं की तंबूत बसून राहायचं. दुसऱ्या संध्याकाळी तोच उंट, तोच नाच. त्या पुनरावृत्तीचे 28,000 कशाला द्यायचे?

शिवाय दिवसाचं भाडं 7,500 च्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के, त्याखाली 5. तीन रात्रींचे करासह 99,120 होतात. एक रात्र तंबूत (33,040) आणि दोन रात्री शहरात 6,000 च्या खोलीत (12,600) राहिलात तर 45,640. सोनार किल्ला, पटवा हवेली, गडीसर तलाव बघायला ते दोन दिवस लागतीलच. विमानाऐवजी रेल्वेने जोधपूरमार्गे गेलात तर एकूण खर्च 90,000 च्या आत बसावा.

एफडी डिसेंबरात मोडली आणि बँकेने 1 टक्का व्याज कापलं, तर 28 महिन्यांचे अकरा-बारा हजार जातील. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता ती तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी उचल. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण 1-2 टक्के जास्त, तेही वापरलेल्या रकमेवरच. महिना 12,000 भरत गेलात तर ऑगस्टपर्यंत तो फिटेल, व्याज अडीच-तीन हजार होईल. क्रेडिट कार्डाचा ईएमआय मात्र नको. त्याच्या व्याजावर पुन्हा 18 टक्के जीएसटी लागतो.

तारे बघायचे असतील तर अमावास्येजवळची तारीख घ्या. आणि आगाऊ पैसे भरण्याआधी, बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळतील, ते लेखी मागून घ्या.