तुझं गाव इंग्रजीतही सांग

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं, मग राग आला. थोडा तुझ्यावरही आला, पण ते नंतर.

पुण्यातल्या त्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गात तू ‘माय हॉबी इज ट्रॅव्हलिंग’ म्हणालीस. गाव विचारल्यावर निफाड तालुका गिळून नुसतं ‘नाशिक’ सांगितलंस. मग पंचतारांकित हॉटेलात खोली घेण्याचा रोल-प्ले आला आणि तुझी वाचाच बसली. आणि आता मला विचारतेस, ‘बाई, इंग्रजी बोलताना मी मी राहतच नाही. ही भाषा माझ्यासाठी नाहीच का?’

अगं, ज्या हॉटेलात तू कधी पाऊल ठेवलं नाहीस, तिथल्या माणसाशी तुला बोलायचं होतंच काय? स्वतःचं काही सांगायचं असल्याशिवाय भाषा तोंडात येत नाही. कुणाच्याच येत नाही.

मागे मी तुमच्या घरी आले होते तेव्हा तू मला कांदाचाळ दाखवलीस. काढलेला कांदा शेतात पातीखाली का सुकवायचा, पात कापताना मान थोडी लांब का ठेवायची, नाहीतर सड कशी शिरते, हवा खेळली नाही तर काय होतं, गोल्टी, म्हणजे अगदी बारीक कांदा, वेगळी का काढायची, सगळं न अडखळता सांगत होतीस. लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीजवळ येऊन मूठभर कांदा उचलतो, त्या क्षणी वडील त्याच्या तोंडाकडे कसे बघतात, तेही सांगितलंस. यातलं एक अक्षर तरी त्या वर्गात तुला कुणी विचारलं?

त्यांच्या पत्रकावर ‘विद्यार्थीकेंद्रित पद्धत’ असं लिहिलंय म्हणतेस. खुर्च्या गोल मांडल्या, जोड्या लावल्या, चिठ्ठ्या वाटल्या, की झाली पद्धत? मधे बसवलेली मुलगी आहे कोण, हे विचारायचंच नाही! चपलांबरोबर स्वतःलाही दाराबाहेर काढून आत यायचं, आणि वर आत्मविश्वास नाही म्हणून बोलणी खायची. हे मला कधीच पटलं नाही.

बॉनी नॉर्टन या अभ्यासकाने १९९०च्या सुमारास कॅनडात स्थलांतरित स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातली एक पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातून आलेली, तीन मुलांची आई. सुरुवातीला फोन वाजला तरी घाबरायची, मुलीला घ्यायला लावायची. पुढे घरमालक वर्षभराचं भाडं उकळायला बघतोय म्हटल्यावर हीच बाई त्याच्याशी फोनवर तासाहून जास्त भांडली. व्याकरणातल्या काळांचे नियम तेव्हा डोक्यातही आले नाहीत, असं तिनेच लिहून ठेवलंय. मुलं थक्क झाली. तिच्याकडे सांगायला स्वतःचं होतं, घर सांभाळणारी म्हणून उभं राहायला जागा होती. म्हणून भाषा आली.

मी आयुष्यभर हेच करत आले. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा जिकडेतिकडे ‘धिस इज अ पेन’चा घोष सुरू झाला. मी मुलांना म्हणायचे, तुला काय सांगायचंय ते आधी मराठीत सांग, मग दोघं मिळून इंग्रजीत नेऊ. इंग्रजीच्या तासाला मराठी ऐकू येते म्हणून माझ्यावर शेरे आले. गाईडमधले निबंध घोकून घेणाऱ्यांना दहावीचे वर्ग मिळत गेले, मला शेवटपर्यंत मिळाला नाही. ती खंत आहे, लपवत नाही. मुलांची घरची भाषा हे वर्गातलं साधन आहे, असं २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात छापून आलं. तेव्हाही शेरे कुणी मागे घेतले नाहीत. तरी मी माझी पद्धत सोडली नाही. माझ्या वर्गातला मुलगा चुकतमाकत का होईना, म्हैस व्याली ते इंग्रजीत सांगायचा. घोकलेला निबंध त्यापुढे मला आजही शून्य वाटतो.

आता तुझ्यावरचा राग. मराठीत गावाबद्दल भरभरून बोलतेस आणि इंग्रजीत त्याच गावाची लाज बाळगतेस? वर्गाने तुला विचारलं नाही हे खरं, पण तू तरी कुठे सांगितलंस? खोटा छंद सांगितलास की त्यापुढचं प्रत्येक वाक्य खोटंच रचावं लागतं, आणि मग जीभ अडते. स्वतःचं सांग. किती वेळा लिहू?

व्याकरण सोडून दे असं म्हणत नाही. उच्चारांवरही मेहनत घे. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ वेगळे कर, शब्दावर जोर कुठे पडतो ते ऐक. समोरच्याला कळलं म्हणजे पुरे. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीसारखं बोलायची काही गरज नाही. इंग्रजीत बोलताना तू थोडी वेगळी होशील, कदाचित जास्त धीट होशील. होऊ दे. तीही तूच असशील.

पुढच्या महिन्यातल्या प्रेझेंटेशनला विषय निवडायची मुभा आहे, असं पत्राच्या शेवटी लिहिलंयस आणि लगेच ‘टुरिझम घेऊ का’ असं विचारलंयस. नाही. कांद्याची साठवण घे. पहिल्या वाक्यात गावाचं नाव येऊ दे, तालुक्यासकट. ‘गोल्टी’ला शब्द सापडला नाही तर ‘गोल्टी’च म्हण आणि हातात धरून दाखव. प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं तुझ्याइतकी त्या वर्गात कुणालाच येणार नाहीत. मसुदा मला रविवारपर्यंत पाठव. क्रियापदं मी बघते, मजकुराला हात लावणार नाही.

तुझी,
बाई