शंका असू द्या, ‘डाऊट’ नको

प्रश्न : मी नाशिकला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. इंग्लंडच्या ग्राहकाला मेल केला, ‘आय हॅव अ डाऊट इन युवर ड्रॉइंग. सेंड द करेक्ट साइझ.’ उत्तर फार तुटक आलं. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, घोटाळा ‘डाऊट’चा आहे. माझ्या वर्गात हा शब्द रोज कानावर येतो. आपली ‘शंका’ दोन कामं करते: हात वर करून विचारतो ती शंका आणि कुणावर विश्वास बसत नाही तीही शंका. आपल्याकडच्या इंग्रजीत ‘डाऊट’ पहिल्या अर्थानंही चालतो. इंग्लंडमध्ये ऐकू येतो तो दुसरा. त्यांनी वाचलं, ‘तुमच्या ड्रॉइंगवर माझा भरवसा नाही.’ तिथे लिहा, ‘आय हॅव अ क्वेश्चन अबाउट द ड्रॉइंग.’

दुसरं वाक्य मला जास्त खटकलं. ‘पाठव’चं ‘पाठवा’ केलं की त्या एका कान्यातच आदर येतो. इंग्रजी ‘सेंड’ला ती सोयच नाही, आणि नुसतं ‘प्लीज’ चिकटवून तो हुकूम पुरता मऊ होत नाही. म्हणून आदर प्रश्नात घाला : ‘कुड यू कन्फर्म द साइझ, प्लीज?’ यातून ‘करेक्ट’ मी मुद्दाम काढला. त्या शब्दानं समोरच्याची चूक आधीच ठरवून टाकली होती.

लांबलचक माफी नको. पुढच्या मेलमध्ये एवढंच लिहा, ‘सॉरी, आय मेन्ट आय हॅड अ क्वेश्चन,’ आणि लगेच मापाचं विचारा.