मामांकडून वारशाने आलेलं मोडकळीला आलेलं घर दुरुस्त करून विकावं की आहे तसं?

आहे तसंच विका; फक्त घर पूर्ण रिकामं करा आणि पाणी कुठून आत येतंय ते आधी थांबवा. मी जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतो. असं घर घेणारा माणूस स्वयंपाकघर, फरशी, न्हाणीघर आपल्या पसंतीने करून घेतोच, त्यामुळे तुम्ही त्यावर घातलेले पैसे बहुधा वसूल होत नाहीत. घेणारा बिचकतो तो ओलीला. पुष्कळदा छत धड असतं, पण पन्हळ पालापाचोळ्याने चोंदलेली असते आणि पाणी भिंतीत मुरत राहतं. ती साफ केली की भिंत हळूहळू वाळू लागते. ओल्या भिंतीवर रंग मात्र मारू नका. पोपडे पुन्हा सुटतात, आणि मग घेणाऱ्याला प्रत्येक भिंतीचा संशय येतो. वाळवी असेल तर तीही सांगून टाका, भाव त्या हिशोबाने ठरेल.

अपवाद एकच: तुळई खचली असेल किंवा छत धोक्याचं असेल, तर कर्ज काढून घेणारे गिऱ्हाईक गळतं, कारण बँक अशा घरावर कर्ज द्यायला कचरते. तेवढ्या कामाचा खर्च काढून बघा. भावातल्या फरकापेक्षा तो बराच कमी असेल तरच हात घाला. आणि कागदोपत्री घर तुमच्या नावावर होऊन बाकी वारसांची लेखी संमती मिळेपर्यंत कोणाकडूनही बयाणा घेऊ नका.