होगन कुणाचा? आणि इतर मैदानी प्रश्न

(वाचकांचे प्रश्न, खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त पी.टी. मास्तरांची उत्तरं)

प्रश्न : सर, गेल्या अंकात तुम्ही आयर्लंडच्या रॉनी डेलानी आणि सोनिया ओ'सलिव्हन या धावपटूंवर लिहिलंत. हे दोघे ऐकून माहीत होते. पण त्या देशात लांब पल्ल्याचे बाकी कुणी झालेच नाहीत का? झाले असतील तर त्यांची नावं कानावर का येत नाहीत? (एक वाचक, निपाणी)

झाले की, ढिगानं झाले. पण सोनं मिळालं की माणूस पाठ्यपुस्तकात जातो आणि नववा आला की रद्दीत. डेलानीनं मेलबर्नला 1500 मीटरचं सोनं घेतलं ते 1 डिसेंबर 1956 ला. बरोबर महिनाभर आधी, 1 नोव्हेंबरला, आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, जमा झालो होतो. त्या महिन्यात आमच्या भागात मेलबर्नकडं लक्ष द्यायला कुणाला सवड होती! असो.

माझा आवडता माणूस जिम होगन. लिमरिक परगण्यातल्या अथलाकाचा, जन्म 1933 चा. घरचं आडनाव क्रेगन, इंग्लंडात गेल्यावर होगन या नावानं पळायला लागला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो आयर्लंडकडून मॅरेथॉनला उभा राहिला. पुढं होता इथिओपियाचा अबेबे बिकिला. त्या दिवशी बिकिलाच्या चालीला चाल लावायची छाती फार थोड्यांची झाली. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क काही वेळ टिकला आणि मागं सरला. होगन मात्र 35 किलोमीटरपर्यंत दुसऱ्या नंबरवर होता. मग अंगातलं सगळं संपलं आणि 40 किलोमीटर व्हायच्या आतच त्यानं शर्यत सोडली. बिकिला 2 तास 12 मिनिटं 11 सेकंदांत पोचला, तो तेव्हाचा जागतिक उच्चांक. निकालाच्या कागदावर होगनपुढं फक्त 'शर्यत अपुरी'. मी पोरांना नेहमी सांगायचो, शेवटचा आकडा बघण्याआधी मधले टप्पे बघा रे. कोण कुणाच्या मागं किती वेळ टिकला, ते तिथंच कळतं.

खरी गोष्ट पुढं आहे. दोन वर्षांनी, 1966 मध्ये, बुडापेस्टला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली. मॅरेथॉन जिंकली होगननंच, 2 तास 20 मिनिटं 4.6 सेकंदांत. पण अंगात बनियन होतं ब्रिटनचं. त्यामुळं पदक ब्रिटनच्या खात्यात गेलं. आयर्लंडच्या यादीत ते नाही, आणि ब्रिटनच्या यादीत असलं तरी तिथं लिमरिकच्या माणसासाठी घरचं म्हणून कोण टाळ्या पिटणार?

आपल्या भागात हे फोडून सांगायला लागत नाही. नोकरीत असताना मी आमच्या शाळेच्या एका पोराला घेऊन कोल्हापूरकडं एका खुल्या शर्यतीला गेलो होतो. पोरगं पहिलं आलं, तेही दुसऱ्याला लांब मागं टाकून. बक्षिसाच्या टेबलावर अर्जावरचा शाळेचा शिक्का बघून एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, हे कर्नाटकात येतंय की ओ. बक्षीस आमच्या हद्दीतल्यांना आहे." त्याच हंगामात इकडच्या निवडीला गेलो, तर यादीत त्याचं नाव कन्नडमध्ये असं काही उतरवलं होतं की पुकारा झाला तरी पोरगं जाग्यावरच उभं. मी ढकलला तेव्हा कुठं पळाला. म्हणून होगननं बनियन बदललं यावर कुणी नाक मुरडलं, की मी विचारतो : बनियन कुणीही देईल, पण पळायला तो शिकला कुठल्या रस्त्यावर?

दुसरा माणूस डॅनी मॅकडेड. डोनेगल परगण्यातला पोस्टमन. डोनेगल म्हणजे उत्तर आयर्लंडच्या सीमेला चिकटलेला मुलूख, तेव्हा आपलाच म्हणा. 1972 आणि 1976 अशा दोन ऑलिंपिकांत त्यानं मॅरेथॉन केली. पण मला आठवतो तो 1979 चा मॅकडेड. जागतिक क्रॉसकंट्री, म्हणजे माळरानावरची, चढउतारांची लांब शर्यत, त्या वर्षी लिमरिकच्या घोड्यांच्या रेसकोर्सवर होती. पावसानं सगळा चिखल झालेला. जॉन ट्रेसीनं घरच्या लोकांपुढं सलग दुसऱ्या वर्षी अजिंक्यपद मारलं आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत तोच होता. ते रास्तच होतं. पण क्रॉसकंट्रीत संघाचा हिशेब वेगळा असतो. तेव्हा प्रत्येक देशाच्या पहिल्या सहा जणांचे क्रमांक मिळवायचे आणि ज्याची बेरीज कमी तो संघ वर. म्हणजे एकटा पहिला येऊन भागत नाही, मागच्या पाचांनी गर्दीत एकेक माणूस गाठायला पाहिजे. त्या संघाचा कॅप्टन मॅकडेड, वय 37. ज्या वयात आमच्याकडं माणसं पोट सावरत लग्नाच्या पंगती वाढतात, त्या वयात तो जगात अकरावा आला. आयर्लंडला संघाचं रौप्य मिळालं, पुढं फक्त इंग्लंड. लेटरकेनी गावानं आपल्या अॅथलेटिक्स ट्रॅकला त्याचं नाव दिलंय. शाबास म्हणावं असं गाव.

नील क्युसॅक, पुन्हा लिमरिकचाच. शिकायला अमेरिकेत, ईस्ट टेनेसी विद्यापीठात गेला आणि 1974 मध्ये बोस्टन मॅरेथॉन 2 तास 13 मिनिटं 39 सेकंदांत जिंकला. बोस्टन म्हणजे आयरिश वस्तीचं शहर, तरी आयर्लंडचा म्हणून तिथं जिंकलेला पुरुष हा एकटाच. 1981 ची डब्लिन मॅरेथॉनही त्याचीच.

आणि जेरी कीर्नन. केरी परगण्यातल्या लिस्टोलचा, डब्लिनमध्ये प्राथमिक शाळेत मास्तर. मास्तर म्हटल्यावर माझा थोडा पक्षपात होणारच. 1984 ची लॉस एंजेलिस ऑलिंपिक मॅरेथॉन. ट्रेसी 2:09:56 मध्ये दुसरा आला. तो स्टेडियममध्ये शिरला तेव्हा जिमी मॅगी या समालोचकानं आयर्लंडच्या आधीच्या पदकविजेत्यांची नावं एकेक करून पुकारली. ते समालोचन आयर्लंडमध्ये अजून सांगितलं जातं. त्यानंतर अडीच मिनिटांच्या आत कीर्नन आला, 2:12:20, नववा. आख्ख्या जगात नववा! आपल्याकडं असा कुणी निघाला असता तर गावाच्या वेशीवर कमान उभी राहिली असती. मैलही त्यानं चार मिनिटांच्या आत काढला होता. एकाच माणसाच्या अंगात मैलाचा वेग आणि मॅरेथॉनचा दम क्वचित असतो. पुढं तो प्रशिक्षक झाला, टीव्हीवर परखड बोलायचा. 2021 च्या जानेवारीत गेला.

प्रश्न : 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकला आयर्लंडचा संघ गेला नव्हता असं वाचलं. हिटलरच्या निषेधार्थ का? (एक वाचक, नंदगड)

नाही हो. भांडण सीमेचं होतं. आयर्लंडची फाळणी झाली तरी तिथली जुनी अॅथलेटिक संघटना आम्ही बत्तीसही परगण्यांच्या आहोत, उत्तरेकडचे ब्रिटनकडं राहिलेले सहा धरून, या भूमिकेवर अडून राहिली. जागतिक महासंघ म्हणाला, तुमचा कारभार तुमच्या राज्याच्या हद्दीपुरता. यांनी ऐकलं नाही, त्यांनी निलंबित केलं. बर्लिनला अॅथलीट जाऊ शकले नाहीत. हातोडाफेकीत 1928 आणि 1932 ची दोन्ही सोनी जिंकलेला डॉ. पॅट ओ'कॅलाहन तिसऱ्याला मुकला. 1937 मध्ये त्यानं फरमॉयला जागतिक उच्चांकापेक्षा लांब हातोडा टाकला, तर फेक धरलीच नाही, कारण संघटना अमान्य!

मग हद्द मान्य करणारी दुसरी संघटना निघाली आणि 1967 पर्यंत दोन्ही शेजारी शेजारी चालल्या. जुनीचे पळणारे गावागावांत अजिंक्य ठरायचे, पण ऑलिंपिकचं दार त्यांना बंद. होगन आयर्लंडात क्रेगन म्हणून पळायचा तो या जुन्या संघटनेच्याच बाजूला. त्या तीस वर्षांत किती चांगले पाय हद्दीच्या भांडणात वाया गेले असतील! दोन्ही बाजूंचे पुढारी आपापल्या जागी खरे असतील, मला त्यात पडायचं नाही. पळणाऱ्याचं वय मात्र ठरावांसाठी थांबत नाही, एवढं मी पी.टी. मास्तर म्हणून सांगतो.

प्रश्न : सर, मी आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीत दरवर्षी दुसरी येते. घरचे म्हणतात, आता पुरे, अभ्यासाला लाग. काय करू? (एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

पोरी, अभ्यास कर, पण बूट खुंटीला टांगू नकोस. आईवडिलांना कॅथरिना मॅककीर्नन सांग. कॅव्हन परगण्यातली शेतकऱ्याची मुलगी, आधी कॅमोगी खेळायची, म्हणजे त्यांच्याकडचा काठी-चेंडूचा बायकांचा खेळ. जागतिक क्रॉसकंट्रीत ती 1992, 1993, 1994 आणि 1995, अशी चारही वर्षं दुसरी आली. दरवेळी पुढं नवीनच बाई : एकदा अमेरिकेची, एकदा पोर्तुगालची, एकदा केनियाची, शेवटी इथिओपियाची डेरार्टू टुलू. तरी ती आपली परत चिखलात उभी. 1994 मध्ये पहिली युरोपियन क्रॉसकंट्री झाली, ती तिनं जिंकली. 1997 ला बर्लिनला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळाली आणि 2:23:44 मध्ये पहिली आली. 1998 ला लंडन, त्याच वर्षी अॅमस्टरडॅम 2:22:23. सोनिया त्याच काळातली, म्हणून हिचं नाव तिच्या सावलीत गेलं. माझ्या मते दोघींत डावं-उजवं करू नये.

आता तुझं. दुसरी येतेस ती कुठं मागं पडतेस ते बघ. चढाला की शेवटच्या चारशेला? चढाला पडत असशील तर आठवड्यातून एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ घे, सावकाश, मध्ये चालू नकोस. शेवटी पडत असशील तर व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर दोनशे-दोनशेच्या फेऱ्या मार. आणि एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला घे.

प्रश्न : परदेशातल्यांची एवढी आठवण काढता. आपल्या मातीतले दिसत नाहीत का? (एक वाचक, चिकोडी)

रागावलात, पण रास्त बोललात. मग ऐका. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले पळाले आणि 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत एकोणिसावे आले. अंतर तेव्हा आजच्यापेक्षा जास्त होतं, 42 किलोमीटर 750 मीटर. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी पळणारी खेड्यांतली पोरं बघून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकचं मनावर घेतलं, त्यातून तो संघ उभा राहिला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कागदोपत्री त्यांना आज कुठल्या राज्याचं म्हणायचं, यावर तुम्ही आणि मी वाद घालत बसू. शाळेतल्या पोरांना विचारा, दहातल्या एकालाही नाव सांगता येणार नाही.

कुणाच्या घरात चौगुल्यांविषयी कात्रण, फोटो, जुनं पत्र असेल तर मासिकाच्या पत्त्यावर झेरॉक्स पाठवा. मूळ कागद घरीच ठेवा, आणि फोटोच्या मागं काही लिहिलेलं असेल तर त्या बाजूचीही झेरॉक्स काढा.