वेगवेगळ्या बनावटीचे सहा-सात जुने संगणक माझ्याकडे आहेत. ते जोडून घरी महासंगणक उभारता येईल का?

होय, येईल. मात्र संगणक एकसारखे नसणे ही जी अडचण तुम्ही मांडली आहे, ती नवे सामान आणून सुटत नाही. काम वाटण्याची पद्धत बदलली की सुटते. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी सात जुन्या संगणकांचा असा समूह मी गेली तीन वर्षे चालवतो आहे. त्यांतल्या इंटेल प्रोसेसरांप्रमाणे सांगायचे तर चार कोअर टू ड्युओ (सर्वांत जुने आणि मंद), दोन आय-थ्री आणि एक दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह (सर्वांत वेगवान) आहे. बहुतेक एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून आणि उरलेले भंगाराच्या दुकानातून आणले आहेत.

बाजारातल्या साध्या संगणकांचा समूह ही कल्पना १९९४ साली नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी प्रत्यक्षात आणली. ‘बेओवुल्फ’ नावाच्या त्यांच्या समूहामध्ये ४८६ प्रोसेसरचे १६ संगणक होते, पण ते सारे एकसारखे होते. तुमच्या प्रश्नाला अधिक जवळचे उदाहरण अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले आहे. तेथे विल्यम हारग्रोव्ह आणि फॉरेस्ट हॉफमन यांना नव्या यंत्रांसाठी निधी नाकारला गेला, तेव्हा त्यांनी कार्यालयांतून काढून टाकलेले ४८६, पेंटियम आणि अल्फा अशा निरनिराळ्या प्रोसेसरचे मिळतील ते संगणक गोळा केले आणि त्यांवर पर्यावरणानुसार पडणाऱ्या अमेरिकेच्या प्रदेशांचे नकाशे तयार केले.

आता वाटणीकडे येतो. सुरुवातीला मी एका कामाचे सात समान भाग करून प्रत्येक संगणकाला एकेक दिला. आय-फाइव्हने आपला भाग चार मिनिटांत संपवला आणि नंतर तो नुसता बसून राहिला, कारण कोअर टू ड्युओंना त्याच भागासाठी बारा मिनिटे लागत होती; म्हणजे सगळा समूह सर्वांत मंद संगणकाच्या गतीने चालला. उपाय मला आमच्याच गल्लीतल्या कारखान्यात दिसला. विणकराकडे चार माग असतात आणि ज्या मागाची कांडी (सूत गुंडाळलेली नळी) संपते त्याच्याच धोट्यात तो नवी कांडी भरतो. चारही कांड्या एकदम संपण्याची वाट पाहत नाही. त्याप्रमाणे मी कामाचे काहीशे लहान तुकडे केले, एका संगणकाला वाटपाचे काम दिले आणि जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा, असा नियम ठेवला. संगणकांना एकमेकांना निरोप पाठवू देणारी ओपन-एमपीआय ही आज्ञावली वापरून असा कार्यक्रम लिहिणे अवघड नाही. तुकडे फार बारीक केले तर हिशोबापेक्षा निरोपानिरोपीतच वेळ जातो, एवढे मात्र सांभाळावे. ही पद्धत ज्या कामांचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नसतात त्यांनाच लागू पडते. माँटे कार्लो पद्धतीची (यादृच्छिक आकडे घेऊन पुन्हा पुन्हा करायची) गणिते किंवा चित्रफितीच्या चौकटी तयार करणे ही त्याची उदाहरणे. हवामानाच्या प्रारूपासारख्या कामात प्रत्येक पायरीला शेजाऱ्याचे उत्तर लागते. तेथे विजोड समूह हमखास अडखळतो.

दुसरी खोच आज्ञावलीच्या बांधणीत आहे. मी आय-फाइव्हवर ‘मार्च नेटिव्ह’ (याच प्रोसेसरच्या सर्व आज्ञा वापर) हा पर्याय देऊन कार्यक्रम कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवला. त्या संगणकावर तो उत्तम चालला आणि चारही कोअर टू ड्युओंवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ असा संदेश देऊन तत्काळ बंद पडला, कारण २०११ च्या सुमारास आलेल्या एव्हीएक्स नावाच्या गणिती आज्ञा त्या जुन्या प्रोसेसरना ठाऊकच नाहीत. म्हणून सर्वांत जुना प्रोसेसर धरून कंपाइल करावे. ३२-बिट संगणक सरळ बाजूला ठेवावेत आणि उरलेल्या सर्वांवर लिनक्सची व ओपन-एमपीआयची एकच आवृत्ती टाकावी.

सामान घेताना मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, हे उजेडात धरून पाहा. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने पुसल्यावर ‘मेलेले’ मानलेले दोन संगणक माझ्याकडे सुरू झाले. घड्याळ आणि सुरुवातीच्या मांडण्या जपणारी बायोसची बटण-बॅटरी सगळ्या संगणकांत बदलून नवी टाका, नाही तर प्रत्येक वेळी घड्याळ मागे जाते आणि संगणक ‘एफ-वन दाबा’ म्हणत अडून बसतो. समूहात कीबोर्ड जोडलेला नसल्यामुळे तो तसाच अडून राहतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट पाहावी लागते. टॉवेलच्या मागांजवळ राहणाऱ्यांच्या हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांत) सुताचे तंतू जमून अक्षरशः नमदा तयार होतो. मी दर दोन महिन्यांनी तो ब्रशने काढतो आणि वर्षातून एकदा प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलतो.

संगणक एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच गिगाबिटचाच घ्यावा. १०० मेगाबिटच्या स्विचवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट जातात. वीज प्रत्येकी ८० वॅट धरली तरी सात संगणक दिवसरात्र चालवल्यास रोज साडेतेरा युनिटच्या आसपास जातात, शिवाय मे महिन्यात खोलीत उभे राहवत नाही. म्हणून मी लांबलचक कामे हिवाळ्यातल्या रात्रीच लावतो. अर्थिंग आधी जाणकार वायरमनकडून तपासून घ्या. आजचा एकच चांगला प्रोसेसर या सातांना सहज मागे टाकेल, त्यामुळे केवळ वेग हवा असेल तर हे पैसे त्यात घालावेत. समांतर गणन हाताने शिकायचे असेल, तर मात्र हाच मार्ग मी सुचवीन.

पहिल्या दिवशी सातही जोडू नका. तुमच्याकडचा सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद असे दोनच घ्या, तेच काम आधी समान वाटून आणि मग तुकड्या-तुकड्याने देऊन चालवा आणि दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा. तिसरा संगणक त्यानंतर जोडा.