डचमध्ये 'एरॉप', 'दारमे' कधी जोडायचं आणि कधी तोडायचं?

तुम्ही विचारलंय की पुस्तकात एरॉप, दारमे असे शब्द जोडून दिसतात आणि लोक बोलताना त्याचे दोन तुकडे करून मध्ये वाट्टेल ते घुसवतात, हे काय गौडबंगाल आहे. मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला सहा वर्षं आहे, अजूनही चुकतो, तरी सांगतो.

आधी 'वार' म्हणजे फक्त 'कुठे' हे डोक्यातून काढा. नवीन असताना मी कॉफी मशीनपाशी उभा होतो, कलीग म्हणाला 'वार वाख्त ये ऑप?', मला नुसतं वार कळलं म्हणून मी ठोकून दिलं 'हीर', म्हणजे इथे. तो बिचारा विचारत होता कशाची वाट बघतोयस!

तर वस्तूबद्दल बोलताना 'ऑप हेत' (ऑप म्हणजे वर, हेत म्हणजे ते) असं म्हणत नाहीत, एरॉप म्हणतात, जोर द्यायचा तर दारॉप, प्रश्नात वारॉप. आपलं त्यावर, कशावर तसंच. माणूस असेल तर 'ऑप हेम' (त्याच्यावर), 'ऑप वी' (कोणावर), जसं आपण कशाची आणि कोणाची वेगळं ठेवतो (बोलताना डच लोक स्वतःच माणसालाही वार लावून टाकतात, ते सोडा). काही शब्द जोडताना रूप बदलतात, मेतचं (म्हणजे सोबत) मे होतं, म्हणून दारमे, त्यासोबत.

आता तोडणं. 'इक रेकन एरॉप', मी ते धरून चाललोय, इथे मध्ये काही नाही म्हणून जोडून. पण नकार आला की 'इक रेकन एर नीत ऑप'. एर क्रियापदाला चिकटून पुढे राहतं, ऑप मागे सरकतं, आणि शेवटी दुसरं क्रियापद असेल तर त्याच्या आधी थांबतं: 'इक हेप एर लांग ओवर नाखेदाख्त', मी त्यावर बराच विचार केला. आपल्याला हे जड जातं कारण मराठीत 'त्या' आणि 'वर' यांची कधी ताटातूट होतच नाही.

पण खरं सांगू, तुम्ही हे पहिल्याच धड्यात केलंय. 'वार कोम ये फानदान?', तू कुठला, हे तोडलेलंच वाक्य आहे, कोणी नियम सांगितला नव्हता तरी पाठ झालं ना. म्हणून जोडशब्दांचे तक्ते घोकू नका, क्रियापद त्याच्या शेपटासकट पाठ करा, वाख्तन ऑप (वाट बघणं), देंकन आन (विचार करणं), असं.

आणि नेर्खन्स (कुठेच नाही, कशातच नाही) आलं तर डोळे मिटून तोडा, ते कधीच जोडत नाहीत. 'इक हेप नेर्खन्स झिन इन', कशातच मन लागत नाहीये. नोव्हेंबरात इथे पाऊस सुरू झाला की हे वाक्य आपोआप तोंडात बसतं.